मुक्या टीमचा कप्तान

अकोल्याच्या त्या जिनिंग फॅक्टरीची फुटबॉल टीम खेळायला बरी होती, पण डोक्यानं भलती तापट. पंचानं शिट्टी फुंकली की एकतरी गडी त्याच्या अंगावर धावून जायचाच. साठ साली तर कहरच झाला. अमरावतीच्या टीमसोबतच्या फायनलला यांच्यातल्या श्रावणनं लाइनमनच्या थोबाडीत ठेवून दिली अन् सामना तिथंच बंद पडला. स्पर्धेच्या कमिटीनं बजावलं, पुढच्या वर्षी या, पण एक शिवी जरी ऐकू आली तर तुमची टीम कायमची बाद.

हे कमी होतं म्हणून की काय, शेठनंही मधे तोंड घातलं. फॅक्टरीमागचं मैदान त्याचं, अन् कापूस टाकायला त्याला जागा पुरेना. "यंदा कप आणा, मैदान तुमचं. नाही आणला तर दसऱ्यानंतर तिथं कापूस पडेल." बोलून मोकळा झाला! त्याचं काय जात होतं?

कप्तान धर्मपालची मात्र झोप उडाली. हा पाच वर्षांमागं डोमा होता, दीक्षा घेतली तेव्हा धर्मपाल झाला. दिवसभर प्रेसवर रुईच्या गाठी बांधायच्या, नाकातोंडात रुई जायची, मुकादमाचं 'ए, इकडे ये' ऐकायचं. संध्याकाळी मैदानात उतरला की तोच माणूस छाती काढून चालायचा. तिथं त्याला सगळे 'कप्तान' म्हणत. ते मैदान गेलं असतं तर बाप्पा, मागं काय उरत होतं? घर अन् प्रेस, प्रेस अन् घर.

त्यानं सगळ्यांना गोळा केलं अन् सांगून टाकलं, "आजपासून मैदानात कोनीच बोलायचं नाई. पंचासंगं नाई, समोरच्यासंगं नाई. बोलायचं असंन तं मी बोलन."

"कोनी मायबहीन काढली तं?" श्रावणनं विचारलं.

"गिळून टाकायची."

नुसतं सांगून थांबला नाही तो. सरावाच्या वेळी वस्तीतली चार वाह्यात पोरं त्यानं रेषेबाहेर उभी केली अन् त्यांना शिव्या द्यायला लावलं. जातीवरून, आईवरून, वाट्टेल त्या. जो पलटून बोलला त्याचा खेळ त्या दिवशी बंद. पहिल्या आठवड्यात निम्मी टीम बाहेर बसली होती. बॅकला खेळणारा देवमन तर एकदा चवताळून त्याच्या तोंडासमोर येऊन उभा राहिला.

"धर्मपाल, माह्या बापानं जन्म काढला गप राहून. आपन दीक्षा कायले घेतली बे? मान वर करून बोलता यावं म्हनून ना? अन् तू पुन्हा आमाले मुके करून राहिला?"

धर्मपालच्या काळजात लागलं ते. खरंच होतं त्याचं. पण मैदान डोळ्यासमोर होतं. "कप येऊ दे, मंग बोल लेका किती बोलायचं ते," तो म्हणाला. देवमननं मान खाली घातली, अन् त्या दिवसापासून मात्र त्याच्याएवढा पक्का कोणी राहिला नाही.

एकसष्टच्या स्पर्धेत लोकांनी तोंडात बोटं घातली. हीच का ती भांडखोर टीम? ढकललं तरी उठून धूळ झटकायचे, गोल नाकारला तरी पाठ फिरवून पळायचे. एकामागून एक सामने जिंकत गेले, सारखेच शांत, सारखेच चिवट. फायनल पुन्हा अमरावतीच्याच टीमसोबत पडली.

मध्यंतराच्या थोडं आधी धर्मपालच्या नडगीवर समोरच्याचा बूट बसला. कटकन आवाज झाला. त्याला उचलून रेषेबाहेर नेला. तेव्हा बदली खेळाडू घ्यायची सोय नव्हती, दहाच जण खेळू लागले. पाय असा ठणकत होता की धर्मपालच्या डोळ्यापुढं अंधारी येत होती. त्या भरात माझ्यामागं बोलायचं कोणी, हे सांगायचं राहूनच गेलं.

तरी गडी झुंजले. शेवटची पाच मिनिटं उरली होती, एक-एक अशी बरोबरी होती. अमरावतीच्या फॉरवर्डनं जोरात मारलेला बॉल देवमननं गोलसमोर अडवला. "हँड! हँड!" समोरचे सगळे ओरडले. पंच म्हातारे, भले गृहस्थ, मध्ये दोन खेळाडू आल्यानं त्यांना नीट दिसलं नव्हतं. लाइनमननंही मान हलवली, दिसलं नाही म्हणून. मग पंच देवमनजवळ आले.

"हे बघ, तुमची टीम सरळ आहे, मी पाहतोय. तू सांगशील ते मी मानीन. हात लागला?"

देवमननं तोंड उघडलं, मिटलं, अन् मान वळवून रेषेबाहेर बसलेल्या धर्मपालकडं पाहिलं.

धर्मपालच्या जिभेवर आलं होतं, बोल ना रे! पण शेजारीच लाइनमन उभा, अन् बाहेरून ओरडायची, खुणा करायचीही सक्त मनाई. ओरडलो अन् कमिटीनं टीमच बाद केली तर? त्यानं ओठ दातात धरले. पंचांनी पुन्हा विचारलं. देवमन त्याच्याकडंच पाहत राहिला.

"म्हणजे लागला," पंच दुःखानं म्हणाले, अन् त्यांनी पेनल्टी दिली.

गोल झाला. सामना गेला, कप गेला. दहापैकी एकानंही आवाज केला नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बक्षिसाच्या वेळी पाहुण्यांनी त्यांच्या शिस्तीचं तोंडभरून कौतुक केलं, गळ्यात हारही घातले. श्रावण हार घालून हुंदके देत होता. मेली ती शिस्त, असं धर्मपालला वाटलं, पण तेही त्यानं गिळलंच.

दसऱ्यानंतर बैलगाड्या मैदानात शिरल्या. गोलचे खांब आधीच उपटले होते. प्लास्टरचा पाय ओढत धर्मपाल शेठकडं जाऊन आला होता, निदान अर्धं मैदान तरी ठेवा म्हणून. शेठ गोड हसला होता. "तुमच्या माणसांनी नाव काढलं बरं! भांडण नाही, तंटा नाही. आता इथंही समजुतीनंच घ्या." अन् कापूस उतरवायला त्याच दहा जणांना लावलं होतं.

देवमन डोक्यावर बोजा घेऊन पेनल्टीच्या जागेवरून चालला होता. धर्मपालनं त्याला अडवलं. इतके दिवस विचारायची हिंमत झाली नव्हती.

"देवमन, खरं सांग. लागला होता हात?"

"बॉल छातीले लागला होता."

"मंग बोलला काहून नाई, लेका?"

देवमननं डोक्यावरचा बोजा सावरला.

"तुह्याकडं पाह्यलं ना मी," तो म्हणाला. "तू कुठं बोल म्हनला?"