बंद एरेटरची साक्ष

उन्हाळ्याच्या अखेरच्या सोमवारी, सकाळी सहा वाजता, दोन भावांच्या सामाईक मत्स्यतळ्यात चारशे मासे पांढरी पोटे वर करून तरंगत होते. मित्रांनो, त्याच तळ्यातला मी एक जुना एरेटर आहे. पाणी घुसळून त्यात हवा मिसळणे, एवढेच मला येते. पण तेवढे मी नऊ वर्षे बिनचूक केले. धाकट्याने मला आणले, माझे सांधे तेलात ठेवले; आणि धाकट्याने आणले, नेमक्या याच कारणाने मी थोरल्याच्या डोळ्यांत खुपलो.

"हा भुंगा कानाशी नको," असे म्हणून त्याने शुक्रवारी मला बंद केले आणि बटणाच्या पेटीची किल्ली कमरेला अडकवली.

शनिवारी उजाडताच मासे वर येऊन तोंडे उघडू-मिटू लागले.

"दादा, गुदमरतायत ते. किल्ली दे."

"गुदमरतायत म्हणे! उपाशी ठेवलंस तू, म्हणून तोंडं वासतायत." थोरल्याने टोपलीभर खाद्य फेकले. मासे त्याला शिवेनात. ते खाद्य तळाशी कुजले आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही गिळून बसले. रविवारी त्याने दोन टोपल्या फेकल्या. मी तीन हातांवर होतो, आणि मला एक फेरासुद्धा मारता येत नव्हता.

सोमवारी त्याने भावाची गचांडी धरली. "किल्ली दिली नाही म्हणून विष घातलंस! चालता हो, नाहीतर पोलिसांत देतो."

"दे ना! पण आधी मासा फाडून बघू दे कुणाला तरी."

मत्स्यवैद्य बाई आल्या, माशांचे रक्त, यकृते, मेंदू आणि तळ्याचे पाणी घेऊन गेल्या, गुरुवारी अहवालासह परतल्या. प्राणवायू आटला, की शरीर त्याच्यावाचून ऊर्जा काढू लागते. यकृतातला साखरेचा साठा झपाट्याने सरतो, आम्ल साचते, पेशी फुटतात आणि त्यांच्यातली विकरे, म्हणजे एन्झाइम्स, रक्तात उतरतात. या माशांत हेच घडले होते. नेहमीची कीटकनाशके मेंदूतल्या ज्या विकरावर घाला घालतात, ते मात्र शाबूत होते. पाण्यातही विषाचा अंश नव्हता.

"मॅडम, यकृत काय बोलतं का? हा पक्का बेरकी आहे, मागमूस ठेवला नसेल!" थोरला हटेना.

मित्रांनो, कुणावरच्या रागापायी त्याची वस्तू बंद पाडण्यापूर्वी तिच्यावर कोण जगते आहे, एवढे तरी पाहत जा.

बाईंनी अहवाल त्याच्या हाती दिला.

"विष कुणीच घातलेलं नाही. यंत्र तुम्ही बंद केलंत. मासे तुम्ही मारलेत."