गाळलेल्या चार ओळी

ईनॉक टॅरंट तिसऱ्यांदा दारात आला तेव्हाही बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"त्याला म्हणावं, जा, बुडून मर."

ईनॉकला ते बाहेर ऐकू गेलं. गेली पंचवीस वर्षं तो डरवेंट नदीवर होडी चालवतोय. "त्याला म्हणावं, मला पोहता येतं," असं म्हणून तो पायरीवर बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "केझी, किती दिवस म्हणाला डॉक्टर?"

"दोन आठवडे. फार तर."

"मग मी बसतो."

एकाच चोरीसाठी दोघांना काळ्या पाण्याची शिक्षा होऊन मायदेशातून समुद्रापार, इथे होबार्टला धाडलं होतं. बाबा बारा वर्षांचे, ईनॉक तेराचा. बर्मंडसीत कापडाच्या दुकानाची मागची खिडकी. बाबा अंगाने लहान, म्हणून ते आत शिरले, ईनॉकने बाहेरून गठ्ठा घेतला. मग बाबा चांभारवाड्यामागे, कातडी कमावायला आणलेल्या सालींच्या ढिगात लपले. शिपाई थेट तिथेच आला आणि त्याने त्यांना कानाला धरून बाहेर ओढलं.

"ती जागा मला नि ईनॉकला ठाऊक. तिसऱ्याला नाही," बाबा नेहमी सांगत. "मला चौदा वर्षं, त्याला सात. आता तूच हिशेब कर."

होबार्टसारख्या लहान गावात चौतीस वर्षं ते ईनॉकशी एक शब्दही बोलले नाहीत. गोदीवर तो दिसला की रस्ता ओलांडत. आईच्या मयतीला तो आला, तेव्हा बाबांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं.

आणि मला तेव्हाही माहीत होतं.

आजीची पत्रं बर्मंडसीचा पाद्री लिहून द्यायचा. बाबांना अक्षरओळख नव्हती. बूट शिवता शिवता ते ऐकायचे आणि मी समोरच्या तिवईवर बसून वाचायची. मी तेरा वर्षांची असताना आलेल्या एका पत्रात मधेच चार ओळी होत्या: जोसाया, तू कुठे लपतोस ते मीच शिपायाला सांगितलं. धाकटे तिघे उपाशी होते. पाद्रीबुवा म्हणाले, तिकडे पोरांना मटण देतात, धंदा शिकवतात. इथे राहून फासावर जाशील, त्यापेक्षा ते बरं, असं मला वाटलं.

मी मान वर केली. बाबा दोरा दातात धरून हसत होते. आपल्या आईचं पत्र आलं की ते असेच हसत. मी खालच्या ओळीवर गेले आणि शेजाऱ्यांच्या डुकरिणीला सात पिल्लं झाल्याचं वाचलं.

पुढे मी पुष्कळ वाचलं. माणसं का गप्प राहतात यावर पुस्तकांत बरंच असतं. त्यातलं काहीही मी त्या पायरीवर बसलेल्या माणसाला सांगू शकले नसते.

मी आत गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ते आजीबद्दल काही विचारतील.

"पत्रं किती आहेत?"

"सतरा."

"सगळ्यांत असं गाळलंस?"

"नाही बाबा. त्या एकातच. चारच ओळी."

"ते मला कसं कळायचं, पोरी?"

मी फळीवरून पत्रांची पेटी खाली काढली.

"त्या नावाड्याला आत बोलव. पेटीही त्याच्याकडे दे. तू बाहेर बस."

मी पुढच्या भागात, बाबांच्या बुटांच्या दुकानात बसले. मधलं दार उघडंच होतं. ईनॉक मोठेपणी रविवारच्या शाळेत वाचायला शिकला होता. शब्दावर बोट ठेवत, अडखळत वाचायचा.

"लिहिलंय तेवढंच वाच," बाबा म्हणाले. "पदरचं काही घालू नकोस."

त्या चार ओळी त्याने सावकाश वाचल्या. बाबांनी पुन्हा वाचायला लावल्या.

"चौतीस वर्षं! अरे गाढवा, एकदा तरी म्हणायचंस, मी नव्हतो म्हणून."

"म्हटलं होतं. गोदीवर. तू माझ्या तोंडावर थुंकलास."

"हो," बाबा म्हणाले, "थुंकलो खरा." दोघं हसले, आणि हसता हसता बाबांना खोकल्याची उबळ आली. मी उठले, पण पाणी ईनॉकने दिलं.

"आणि तुला सातच वर्षं का रे?"

"मी ज्याच्याकडे कामाला होतो तो दोरखंडवाला कोर्टात येऊन म्हणाला, पोरगा चांगला आहे. तुझ्यासाठी कोणीच उभं राहिलं नाही, जो."

वाचता वाचता ईनॉक अकराव्या पत्रावर आला. त्यातली एक ओळ बाबांच्या फार आवडीची होती. तब्येत धड असताना कामातून मान न उचलता ते म्हणायचे, "केझी, ते टोपीचं वाच." ईनॉकने ती वाचली: तुझी टोपी मी अजून खुंटीवरून काढलेली नाही.

"थांब. हे आहे तिथे?"

"आहे."

"का पोरीची दया येऊन म्हणतोयस?"

"आहे रे. शपथ."

"बोट ठेव. कुठून कुठपर्यंत?"

कागदावरून बोट फिरल्याचा आवाज आला. मी दारापर्यंत गेले. बाबा कागद डोळ्यांजवळ धरून पाहत होते, जणू लबाडी अक्षरांच्या आकारावरून ओळखता येते.

"पुढे वाच," शेवटी ते म्हणाले.

त्यानंतर ते अकरा दिवस जगले. माझ्या हातून सूप घेत होते, मला त्यांची कूस बदलू देत होते, मला पोरीच म्हणत होते. ईनॉक रोज येई. शेवटच्या रविवारी सवयीने मी बायबल उघडलं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "ईनॉक येईल."

त्या दिवशी नदीवर वारा फार होता; होड्या सुटल्याच नाहीत, ईनॉक पलीकडच्या काठावरच अडकला. पुस्तक मिटून मी संध्याकाळपर्यंत त्यांच्याजवळ बसले. ते दाराकडे पाहत होते. सोमवारी सकाळी बाबा गेले.