बाईचा अर्धा वाटा

केळीची पहिली कापणी म्हणजे बाबुराव पाटलांच्या घरी सणच. सकाळीच शहरातल्या शनवारा पेठेतून मावा जिलेबीचा डबा यायचा आणि दुपारी बागेच्या बांधावर मजुरांच्या हातावर जिलेबी पडायची. बाप्याला अख्खी, बाईला अर्धी. हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. मजुरीचंही तसंच, भाकरीचंही तसंच. बाईला सगळं बाप्याच्या निम्मं.

बाबुरावांची सून जयश्री त्या सकाळी चुलीपुढे भाकरी थापत होती. शेजारी तिची सात वर्षांची लेक भूमिका भाकरी फडक्यात रचत होती. बायकांच्या फडक्यात जाणारी भाकर जयश्री मधोमध मोडायची. नऊ वर्षं मोडत होती. पहिल्यांदा मोडताना हात अडखळला होता, ते आता तिला आठवतही नव्हतं.

ती नेपानगरची, कागद कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली. साहेबाचा पगार मोठा आणि आपल्या बापाचा लहान, हे तिनं तिथंही पाहिलं होतं. पण एकाच कामाला बाई म्हणून निम्मं, असं कोणी नुसतं बोललं असतं तरी कॉलनीतल्या लोकांनी फाटकावर ठिय्या दिला असता. माहेर तासाभराच्या रस्त्यावर, पण तिथली रीत जणू दुसऱ्याच मुलखातली. लग्नानंतर तिनं नवऱ्याला विचारलं होतं. ललित हसला होता. "अगं, ये तेरी कॉलनी नहीं है. इथं देणाऱ्याले चालते, घेणाऱ्याले चालते, तुझ्याच पोटात काऊन दुखते?"

आणि खरंच सगळ्यांना चालत होतं. हळूहळू तिलाही चालू लागलं.

दुपारी मायलेकी जेवण घेऊन बांधावर गेल्या. बाप्ये विळ्यानं घड उतरवून सावलीत बिडी ओढत बसले होते. बायका मात्र अजून सरींतून ट्रॉलीकडे घड वाहत होत्या. चुंबळीवर मणामणाचं ओझं, आणि केळीचा चीक गळ्यावरून ओघळून पोलक्यात झिरपलेला. हवेत वाळला की काळा पडतो, मग कशानंच निघत नाही. डोईफोडिया गावाकडून टोळीबरोबर आलेली कोकिळा पुढं होती. घडाखालून तिचा बारीक आवाज येत होता,

"केळीबाई केळी, तुझा घड मोठा भारी,
डोईवरी पेलते मी दुपार गं सारी."

बाबुराव खाटेवर बसले होते. त्यांनी नातीला हाक मारली. "ये वं माय, आज तू वाट. पाटलाच्या पोरीले वाटता आलं पाह्यजे."

भूमिका डबा घेऊन ओळीपुढं उभी राहिली. टोळीचा मुकादम कडू, त्याच्या हातावर अख्खी. पुढच्या बाप्याला अख्खी. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. कोकिळा आली तेव्हा पोरीनं जिलेबी उचलली, दोन बोटांनी मधोमध मोडली, अर्धी तिच्या चिकानं काळ्या झालेल्या तळव्यावर ठेवली, आणि बोटांवरचा पाक चाटला. कोकिळेच्या मागं तिची रश्मी उभी होती. भूमिकेच्याच वयाची, अंगात भूमिकेचाच जुना फ्रॉक. भूमिकेनं उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन तुकडे केले आणि एक तिच्या हातावर टेकवला.

"घे. तू बाईची पोरगी ना. तुले पाव."

बाबुराव खाट हलेपर्यंत हसले. "पाह्यलं का? न शिकवता हिशोब येते हिले."

कडूही हसला. "रक्तच पाटलाचं हाय, आबा."

लेकीच्या हनुवटीवरून पाक ओघळत होता, आणि तो पाहून जयश्रीला शिसारी आली. आपल्या पोटच्या पोरीची किळस यावी, याहून वाईट ते काय?

"भूमी," ती कशीबशी म्हणाली, "कोकिळामावशीनं कडूकाकापेक्षा जास्त काम केलं. मग तिला अर्धी का?"

पोरीनं निर्मळ डोळ्यांनी वर पाहिलं. "तूच तर रोज मोडतेस ना आई."

किळस वळली आणि जयश्रीच्या स्वतःच्या हातांवर येऊन बसली. ती पुढं झाली आणि बायकांच्या ओळीत, रश्मीच्या शेजारी, मातीत बसली. हात पुढं केला.

"मला पण दे."

कोकिळा दचकली. "वहिनी, उठा ना वं. आमाले नाई वाईट वाटत. असंच असते. उद्या काम नाई भेटलं तं काय खाऊ?"

"बाया नुसतं वाह्यतात, वहिनी. कापतो आमी," कडू म्हणाला.

"मग घे तो घड डोक्यावर. ट्रॉलीपर्यंत जाऊन ये," जयश्री म्हणाली. कडूनं बिडी झटकली आणि दुसरीकडं पाहिलं.

"ऊठ सूनबाई, लोक पाह्यतात," बाबुरावांचा आवाज उतरला होता.

"पाहू द्या, आबा. मी पण बाईच आहे. भूमी, दे."

डब्यात एकच जिलेबी उरली होती. भूमिकेनं ती हातात घेतली. आजोबांकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. मग दोन बोटांनी मधोमध मोडली आणि अर्धी आईच्या तळव्यावर ठेवली.

बांधावर कोणी हसलं नाही.

जयश्रीनं मूठ मिटली. "आबा, उद्यापासून या घरातून मोडलेली भाकर बाहेर जाणार नाही. आणि मजुरी निम्मी गेली, तर मी याच ओळीत निम्म्यावर घड वाहीन. पाटलाची सून. बाजाराच्या दिवशी, रस्त्याच्या कडेच्या बागेत."

पायात वहाणा सरकवून बाबुराव घराकडं चालू लागले.

दुसऱ्या सकाळी ते ओसरीवर पाठमोरे बसले होते. मजुरीचं अजून हो नव्हतं की नाही नव्हतं. टोळीची गाडी येईल की नाही, तेही ठाऊक नव्हतं. तरी जयश्रीनं चूल पेटवली. तव्यावरून पहिली भाकर फुगून उतरली.

"ही कुणाची?" भूमिकेनं विचारलं.

"कोकिळामावशीची."

"अख्खी?"

"अख्खी."

पोरीनं भाकर हातात घेतली, आणि तिची चिमुकली बोटं आपसूक मधोमध गेली. जयश्रीनं ती तिथंच धरली. भाकर गरम होती. दोघींची बोटं भाजत होती, तरी तिनं सोडली नाहीत.