फाल्दून खिंडीचा बिल्ला

मी एक जुनी काठी आहे. हेझलच्या लाकडाची, वरती वाकवलेली मूठ आणि खाली लोखंडी टोक. जर्मनीत, बव्हेरियातल्या एका डोंगरगावच्या सुताराने मला वाफेवर वाकवले आणि त्याच गावच्या शाळेतल्या अल्बान रीगर मास्तरांनी मला घेतले. ते भूगोल शिकवायचे. शाळा चालू असली की मी नकाशावर नद्या दाखवायची आणि सुटी लागली की मास्तरांबरोबर डोंगर चढायची. आयुष्य झकास चालले होते.

मित्रांनो, आमच्याकडे एक पद्धत आहे. डोंगर किंवा खिंड चढून गेले की तिथल्या खाणावळीत एक पितळी बिल्ला मिळतो. तो बारीक खिळ्यांनी काठीवर ठोकायचा. त्याला नियम एकच, आधी चढायचे आणि मग ठोकायचे. लोक माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी त्याची काठी बघतात. माझ्या अंगावर इतके बिल्ले झाले होते की मास्तर मला घेऊन गावातून जाताना उगीच सावकाश चालायचे.

त्यातला एक बिल्ला मात्र खोटा होता. सरहद्दीपलीकडे, स्वित्झर्लंडमध्ये, फाल्दून नावाचे एक खोरे आहे. तिथली खिंड चढायला म्हणून आम्ही निघालो आणि अर्ध्या वाटेवर धुक्यात सापडलो. मास्तरांचा पाय घसरला, गुडघा भोपळ्यासारखा सुजला. लंगडत लंगडत आम्ही खालच्या खाणावळीत परत आलो. खाणावळ मेंगा नावाच्या बाईंची आणि त्यांचा नवरा लूत्सी याची. मेंगाबाईंनी मास्तरांच्या गुडघ्यावर गार चक्क्याचा लेप बांधला, जवाचे सूप पाजले आणि बरे होईपर्यंत त्यांना हलू दिले नाही.

निघताना त्यांनी मास्तरांच्या हातात फाल्दून खिंडीचा बिल्ला ठेवला.

"अहो, पण मी चढलोच नाही," मास्तर म्हणाले.

"ठोका हो मास्तर. धुक्याला कोण विचारायला जातंय?"

मास्तरांनी आढेवेढे घेतले आणि घरी गेल्यावर ठोकला. त्यानंतर दर उन्हाळ्यात ते त्या खाणावळीत राहायला जायचे, लूत्सीबरोबर पत्ते खेळायचे, पण खिंड चढायचे काही ना काही कारणाने राहूनच जायचे. मेंगाबाई त्यांना चिडवायच्या, "यंदा तरी जा, नाहीतर बिल्ला काढून घेईन."

मग दुसरे महायुद्ध सुरू झाले. मास्तर राखीव फौजेत कॅप्टन होते, त्यांना बोलावणे आले. डोंगरी सैन्यात काठी चालते, म्हणून मीही गेले. फ्रान्स पडल्यावर आमची नेमणूक सरहद्दीजवळच्या एका गावात झाली. तिथे शाळेच्या वर्गात टेबले जोडून मोठा नकाशा अंथरला होता, स्वित्झर्लंडचा.

आता त्या देशाचे कुणाशी भांडण नव्हते. आम्ही कुणाच्या बाजूचे नाही असे त्यांनी सगळ्या जगाला सांगून ठेवले होते. तरी वरून हुकूम आला होता की शिरायचे ठरलेच तर कसे शिरायचे ते तयार असू द्या. मला वाटले होते, हे काम करणारी माणसे दातओठ खात असतील. तसे काही नव्हते. ती शाळेची सहल आखावी तशी काळजीने काम करत होती. पाणी कुठे मिळेल, पूल किती वजन पेलेल, दुपारपर्यंत कुठवर पोचता येईल. कुणी त्या लोकांना शिवी दिल्याचे मला आठवत नाही.

तिथले मुख्य होते कर्नल ब्रुगमान. एके दिवशी त्यांनी मला उचलले आणि गोल फिरवून बिल्ले वाचले.

"फाल्दून? मास्तर, ही खिंड तुम्ही चढलात?"

सगळे अधिकारी बघत होते. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हो," ते म्हणाले.

"मग एवढे दिवस गप्प का बसलात? आपल्याकडे त्या बाजूचं धड कुणालाच माहीत नाही." कर्नलसाहेबांनी निळी पेन्सिल घेतली आणि खिंडीतून थेट खोऱ्यात उतरणारी एक रेघ ओढली. ती मेंगाबाईंच्या दारावरून गेली. "पण तोफा लादलेली खेचरं जातील का, ते बघायला हवं. तुम्ही एकदा जाऊन या. साध्या कपड्यात जा. सुटीवर आलेला मास्तर, पानंफुलं गोळा करतोय. तुम्हाला सोंग तरी कुठे आणायचंय?"

गेलो. मेंगाबाईंनी दारातच ओळखले.

"या. काठी आहे, पिशवी आहे, पण पोट गेलं की तुमचं. बसा. साखर मात्र मागू नका, रेशन कार्डावर मिळते." सूप वाढता वाढता त्यांनी सरळच विचारले, "काय म्हणतात तुमच्याकडे? येणार का आमच्यावर?"

"कशाला येतील? तुमच्याकडे आहे काय?"

"चीज आहे. आणि माझा नवरा आहे. तो न्यायचा असेल तर खुशाल न्या, वर खिंडीतच बसलाय पहाऱ्याला. तो, आणखी एक जण, एक मशिनगन आणि त्याची कंबरदुखी."

त्या हसल्या. मास्तरही हसले, पण त्यांचा हात माझ्या मुठीवर घट्ट आवळला होता. खिंडीत पहिली गोळी कुणाला लागणार हे आता त्यांना माहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चढलो. ऊन स्वच्छ होते. वाट पाहून मास्तर मध्येच थांबले. गुरे वर न्यायला गावकऱ्यांनी ती रुंद केली होती, ओढ्यावर नवे दगड घातले होते, वळणावर कठडे लावले होते. खेचरे तोफा घेऊन आरामात गेली असती. मास्तरांनी मला दगडांवर टेकून टेकून पाहिले. एकही हलला नाही.

वर लूत्सी दगडाच्या खोपटातून बाहेर आला.

"नियमाप्रमाणे तुम्हाला हाकलून द्यायला हवं," तो म्हणाला. "पण इतकी वर्षं वाट बघायला लावून आलाय, आता कॉफी घ्या. झाला बाबा तुमचा बिल्ला खरा."

मास्तरांनी कॉफी घेतली. उतरताना ते एकदाही मागे वळले नाहीत.

परत आलो तर कर्नलसाहेब नकाशापाशी उभेच होते. मास्तरांना फक्त हो म्हणायचे होते. शाबासकी मिळाली असती, कदाचित बढतीही.

"नाही जमणार," मास्तर म्हणाले. "वर वाटच नाही, पहिल्यापासून नुसती दरड आहे. खेचरं सोडाच, माणूसही वर पोचत नाही."

"असं कसं? तुम्ही तर चढला होतात."

मास्तरांनी मला दोन्ही हातांनी धरले.

"चढलो नव्हतो, साहेब. बिल्ला नुसताच मिळाला होता. मी ठोकून टाकला."

कुणीतरी फिस्कन हसले, मग सगळेच हसले. डोंगरी सैन्यातल्या माणसाने असे सांगणे म्हणजे स्वतःच्या हाताने नाक कापून घेणे होते. कर्नलसाहेबांनी पक्कड मागवली आणि सर्वांसमोर तो बिल्ला उपटला. खोटा होता तोवर तो माझ्या अंगावर दिमाखात मिरवला आणि खरा झाला तेव्हा असा निघाला. त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर मास्तरांना बिल्लेबहाद्दर म्हणत. ते खाली मान घालून जेवत. मला त्यांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते.

कर्नलसाहेबांनी फाल्दूनवरची रेघ खोडली आणि पुन्हा मला हातात घेतले. "मग शेजारचं तार्नूत्स खोरं? हा बिल्ला तरी खरा, की हाही कुणी बक्षीस दिला?"

पुन्हा हशा पिकला.

"तो खरा आहे," मास्तर घाईने म्हणाले. "तिथून मी स्वतः उतरलोय." आणि त्यांनी सगळे सांगितले. वाट किती रुंद, पाणी कुठे, पूल दगडी. आपण सगळ्याच बाबतीत खोटे नाही हे त्यांना दाखवायचे होते. मग निळी पेन्सिल घेऊन त्यांनी स्वतःच रेघ ओढली.

मला तो उतार आठवत होता. गावाच्या टोकाला एक बाई हौदावर कपडे धूत होती. मास्तरांनी पाणी मागितले, तिने साबणाचे हात पुसून बाटली भरून दिली. आम्हाला गाडी गाठायची होती, आम्ही थांबलो नाही. तिच्याकडे मास्तर कधी जेवले नव्हते, तिने त्यांच्या गुडघ्याला लेप बांधला नव्हता. मला त्यांचा राग आला. आजही आहे.

पुढे ती योजना तशीच कपाटात पडली. युद्ध दुसरीकडे वळले, माणसेही तिकडे गेली. कुठल्याच खिंडीतून कुणी उतरले नाही. मास्तर पूर्वेला, रशियाच्या आघाडीवर गेले आणि परत आले नाहीत. मी त्यांच्या बहिणीकडे पोचले. आता तिच्या नातवंडांच्या घरी छत्र्यांबरोबर उभी असते. पाहुणे आले की बिल्ले वाचतात आणि मधल्या दोन भोकांविषयी विचारतात. घरातल्या कुणालाच उत्तर माहीत नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, पॉलिश करा, असे काही माझे मागणे नाही. लाकूड अजून ठणठणीत आहे. एकच सांगते. परक्या गावातून जाताना कुणी पाणी दिले तर गाडी चुकली तरी चालेल, पण घटकाभर थांबा आणि त्या माणसाचे नाव विचारा.

तार्नूत्सच्या त्या बाईचे नाव मलाही माहीत नाही.