खाचेतलं कुंकू

तळेगावला मोठेबाबांच्या घरी एका लाकडी पेटीत एकेचाळीस बाटल्या आहेत. प्रत्येकीत राखेत घोळलेलं वांग्याचं बियाणं आणि झाकणावर ऑइलपेंटने लिहिलेला नंबर. नंबराखेरीज एक अक्षरही नाही. कोणत्या नंबराची किती रोपं लावली, त्यातली किती मेली, फळ कसं आलं, हे सगळं मोठेबाबांनी चौदा वर्षं एका हातात मावणाऱ्या संगणकात भरलं होतं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, मनोहरराव. तो संगणक त्यांना २००४ मध्ये मिळाला. पाऊस-पाण्याच्या नोंदी घ्यायला आलेली एक संस्था काम आटोपून गेली तेव्हा तिथल्या साहेबांनी तो यांनाच देऊन टाकला. चष्म्याच्या दोन डब्या शेजारी ठेवाव्यात एवढा आकार, उघडला की वर पडदा आणि खाली बोटाच्या टोकाएवढ्या कळा. २०१८ मध्ये पडद्याचा खालचा अर्धा भाग स्पर्शाला दाद देईनासा झाला आणि पुढची नोंद दाखवणारी कळही गेली. तेव्हापासून मोठेबाबा नंबर तोंडीच सांगतात.

भांडणाचं मूळ तिथेच होतं. आमच्याकडच्या वांग्याला मर लागते. फुलावर आलेलं झाड दोन दिवसांत उभ्याउभ्या सुकतं, आणि जमिनीतल्या ज्या जिवाणूमुळे हे होतं त्यावर औषध नाही. मोठेबाबांनी मर न लागणारं वाण निवडत आणलं होतं. गेल्या वर्षी त्यांनी ठामपणे सांगितलं की ते वाण सतरा नंबरचं. कैलासदादाने, म्हणजे त्यांच्या मुलाने, अर्ध्या एकरात सतरा लावलं आणि निम्म्याहून जास्त झाडं गेली. यंदा त्याने नर्सरीत संकरित वांग्याची तीन हजार रोपं सांगून ठेवली. नको असतील तर शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

तो मला फोनवर म्हणाला, "बाबाची याद अन् बाबाचं वांगं, दोनीले मर लागली हाय."

मोठेबाबा बाजूलाच असावेत, कारण मागून आवाज आला, "त्याले सांग, मशीनीत लिहेल हाय. मशीन खोटं बोलत नाई."

मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आहे आणि पिपरी मेघेला राहते. नोंदी त्या यंत्रात अजून जिवंत असतील तर त्या बाहेर काढायच्या, असं मी त्या फोननंतर ठरवलं. जायच्या दहा दिवस आधीच मोठाईला, म्हणजे मोठेबाबांच्या पत्नी कुसुमबाईंना, सांगून ठेवलं की प्रत्येक बाटलीतले वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे आणि त्यावर नंबर घालायचा. नोंदी मिळाल्या आणि बियाणं मेलेलं निघालं तर उपयोग काय? मोठाईने जुनं लुगडं फाडून एकेचाळीस पुरचुंड्या केल्या. रोज पाणी शिंपडलं.

मंगळवारी दुपारी मी आर्वीमार्गे तळेगावला पोचले. यंत्र उघडलं तर पडदा उजळला, तारीख बरोबर, आणि खाली आकडा होता ३,८७६ नोंदी. मला हे अपेक्षित नव्हतं. अशा यंत्रांची आठवण सेलवर टिकते. आत दोन मोठे सेल आणि एक बटणासारखा छोटा सेल असतो. दोन्ही प्रकारचे संपले की सगळं पुसलं जातं. मोठेबाबा म्हणाले, त्यांनी सहा-सात वर्षांत सेलला हात लावलेला नाही. मी वहीत लिहिलं: सेल कोणी बदलले? पुढे प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं.

नोंदी बाहेर काढायची एकच वाट होती. पडद्याच्या वरच्या भागातली यादी अजून चालत होती आणि तिच्यात सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवायची सोय होती. आतली जागा पूर्ण भरलेली, म्हणून बाहेरची डिस्क लागणारच. ती जोडायला यंत्राच्या डाव्या कडेला कार्डाची खाच आहे. त्या खाचेत बसणारी वायर आणि डिस्कची पेटी मोठेबाबांनी जपून ठेवली होती, पण पेटीतली डिस्क टकटक करून थांबायची. तशाच जुन्या बनावटीची चाळीस जीबीची डिस्क मी येण्यापूर्वीच नालवाडीच्या बंडूजींकडून घेतली होती. बंडूजी संगणक दुरुस्त करतात. सगळा प्रकार ऐकून ते म्हणाले होते, "म्हणजे तू कॅल्क्युलेटरले ट्रॅक्टरची ट्रॉली जोडून राह्यली."

त्यांचं म्हणणं खरं होतं हे मंगळवारीच कळलं. मी डिस्क पेटीत बसवली, वायर खाचेत घातली. डिस्क गुरगुरायला लागली आणि यंत्राचा पडदा काळा झाला. वायर ओढून काढेपर्यंत दोन-तीन सेकंद गेले असतील. पडदा परत उजळला, आणि आकडा ३,८७६च होता. चूक माझी होती. डिस्कच्या पाठीवर तिला लागणारा प्रवाह छापलेला होता, आणि फिरायला सुरुवात करताना ती त्याहून जास्त ओढते. दोन सेलचं ते यंत्र तो पुरवू शकत नव्हतं. मी हे आधी वाचायला हवं होतं.

बुधवारी पेटीला मोबाइलच्या चार्जरची वेगळी वीज दिली. आता पडदा स्थिर राहिला, पण डिस्क दिसली नाही. हे यंत्र दोन जीबीपलीकडचा भाग ओळखत नाही, हे मला ठाऊक होतं. डिस्क दुसऱ्या वायरने माझ्या लॅपटॉपला जोडून तिचा पहिला तुकडा दोन जीबीहून थोडा लहान पाडला आणि जुन्या पद्धतीने फॉरमॅट केला. तरी दिसली नाही. तुकडा एक जीबीचा केला. पाचशे एमबीचा केला. पत्र्याखाली बेचाळीस अंश होते, म्हणून कूलर डिस्ककडे वळवला, आणि मोठेबाबा घामाघूम होऊन माझ्या शेजारी बसून राहिले.

कैलासदादा शेतातून आला, पाणी प्यायला, आणि म्हणाला की शनिवारला अजून तीन दिवस आहेत, तोवर खेळायला हरकत नाही. मोठेबाबांनी नंतर मला हळूच विचारलं, "बाई, सतराच निघन न?"

मी सांगितलं की मला माहीत नाही.

गुरुवारी पहाटेची बस धरून मी डिस्कची पेटी आणि वायर घेऊन नालवाडीला गेले. दोष डिस्क, वायर, पेटी किंवा यंत्र, या चारपैकी कशात तरी होता, आणि अंदाज करत बसण्यापेक्षा एकेक वगळणं बरं. बंडूजींकडे तशीच खाच असलेला एक जुना लॅपटॉप होता. त्यात वायर घातली आणि डिस्क पहिल्या फटक्यात दिसली. म्हणजे डिस्क, वायर, पेटी तिन्ही ठीक. बंडूजींनी मला साफसफाईच्या स्पिरिटची बाटली, मऊ ब्रश आणि दागिने तपासायचं भिंग दिलं आणि खाच आतून बघ म्हणाले. ते दुपारी जेवायला थांबवत होते, पण मी परतीची बस धरली.

शुक्रवारी सकाळी अंगणात, उन्हात, मी खाचेत बॅटरीचा उजेड टाकून भिंगातून पाहिलं. आत टाचणीच्या टोकाएवढ्या पिनांच्या दोन रांगा. डावीकडच्या अठरा-वीस पिनांवर तांबूस थर चढलेला होता, पापुद्र्यांचा, आणि त्यात तांदळाचा अर्धा दाणा. मी म्हटलं, गंज आहे.

मोठाई पुरचुंड्यांवर पाणी शिंपडत होती. तिने वाकून पाहिलं. "गंज नाई तो. कुकू हाय."

दसऱ्याला आमच्याकडे नांगर, फवाऱ्याचा पंप, विहिरीवरची मोटर, सगळ्यांची पूजा होते. मोठाईने यंत्राचीही करायला सुरुवात केली होती. झाकणावर कुंकू लावलं तर ते पुसलं जातं, म्हणून ती खाचेशी लावायची. तिच्या मते खाच हे त्याचं तोंड. पूर्वी तिथे डिस्कची वायर किंवा खाच झाकायचं रिकामं कार्ड बसलेलं असायचं. २०१८ नंतर खाच उघडी पडली आणि सात दसऱ्यांचं ओलं हळदकुंकू आत ओघळलं. थर वाळला, पण कूलरच्या दमट हवेत तो ओलसर होत असणार आणि शेजारशेजारच्या पिना एकमेकींना जोडत असणार.

कैलासदादा खाटेवर चहा पीत होता. तो म्हणाला, "बाबानं मशीन चालोलं अन् आईनं त्याले देव केलं. आता देव बोलन कसा?"

मोठाईचा चेहरा उतरला. माझ्याही ओठावर काहीतरी कडू आलं होतं, तीन दिवस गेले होते. पण वहीतला तो प्रश्न आठवला. मी विचारलं, "मोठाई, याचे सेल कोण बदलतं?"

"मीच तं बदलते." तिला प्रश्नच विचित्र वाटला. "दसऱ्याले अन् होळीले मोठे, अन् पोळ्याले तो बटनवाला."

"तिन्ही एकाच दिवशी का नाही बदलत?"

"एका दिशी काऊन बदलाचे? घरात एक दिवा तं लागेल पाह्यजे न."

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. यंत्राच्या माहितीपुस्तकात हाच नियम असतो, की दोन्ही प्रकारचे सेल एकाच वेळी काढू नयेत. पुस्तक या घरात कधी नव्हतंच. मोठाईने सात वर्षं वर्षातून तीनदा ते पाळलं, आणि म्हणूनच आत ३,८७६ नोंदी होत्या. हे मी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, कैलासदादाला नीट ऐकू जाईल असं. तो कप घेऊन आत गेला आणि येताना आईसाठी चहा घेऊन आला.

मग साफसफाई. मोठे सेल होळीलाच बदललेले होते, म्हणून ते संपायची धास्ती नव्हती, पण स्पिरिट पिनांमध्ये साचू द्यायचं नव्हतं. ब्रशचे बरेच केस कापून थोडेच ठेवले, ते स्पिरिटमध्ये बुडवून एकेका पिनेवरून फिरवले आणि प्रत्येक वेळी कापसावर टिपले. कापूस आधी लाल झाला, मग हळदीचा पिवळा. कुंकू मोठाईने घरीच केलेलं होतं, हळदीचं, म्हणून स्पिरिटमध्ये विरघळत होतं. बाजारचं असतं तर कदाचित हललं नसतं. दाणा सुईने काढला. पाच तास लागले. कापूस पांढरा निघायला लागला तेव्हा ऊन कलत आलं होतं. मोठेबाबा म्हणाले, लाव आता. मी नाही लावलं. रात्रभर कोरडं होऊ दिलं. कूलरही त्या खोलीत लावू दिला नाही, आणि त्यावरून कैलासदादाचं जे काही बोलणं झालं ते ऐकून घेतलं.

शनिवारी सकाळी आठ वाजता आधी पेटीला वीज दिली, डिस्क पूर्ण वेगात येईपर्यंत शंभर आकडे मोजले, मग वायर खाचेत सरकवली. पडद्याच्या कोपऱ्यात डिस्कचं छोटं चित्र उमटलं. यादी उघडून सगळं उतरवायला सांगितलं. पांढरी पट्टी पुढे सरकायला लागली, आणि अकरा मिनिटांनी थांबली. डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली तेव्हा ओळी मोजल्या. तीन हजार आठशे शहात्तर.

इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी होतं, वऱ्हाडीच. मी नंबरवार लावून घेतलं आणि मोठ्याने वाचलं. सतरा नंबर: २०११ मध्ये एकशे वीस रोपं, मेली एकाहत्तर. २०१२ मध्ये ऐंशी, मेली सेहेचाळीस. त्याच्यापुढे शेरा होता, की भरताला याच्यासारखं वांगं नाही, पण मर खाते.

मोठेबाबा खाली पाहत राहिले. "चव याद राह्यली," ते म्हणाले. "मराचं इसरलो."

मी पुढे वाचत गेले. एकतीस नंबर: २०१३ मध्ये एकशे चाळीस रोपं, मेली सहा. २०१५ मध्ये दोनशे, मेली नऊ. २०१७ मध्ये दोनशे, मेली चार, बी नव्याने धरलं. एकेचाळीसपैकी दुसरा कुठलाही नंबर याच्या जवळपासही नव्हता. कैलासदादाने माझ्या हातून लॅपटॉप घेतला आणि तिन्ही ओळी स्वतः पुन्हा वाचल्या.

"आठ वर्साचं बी हाय हे," तो म्हणाला. "उगवन का?"

मोठाईने पुरचुंड्यांची पाटी उचलून आणली. एकतीस नंबरची गाठ तिनेच सोडली. ओल्या फडक्यावर दाणे पसरले होते आणि काहींना पांढरे, वाकडे कोंब आले होते. मी मोजले, मग कैलासदादाने मोजले. वीसपैकी आठ. शंभराला चाळीस. म्हणजे तीन हजार रोपांसाठी साडेसात हजार दाणे टाकावे लागतील. त्याने बाटली हातावर तोलली, झाकण काढून आत पाहिलं, आणि पुरेल म्हणाला. मी सांगितलं की वीस दाण्यांवरून काढलेला हा अंदाज आहे, आकडा कमी-जास्त होऊ शकतो. तो म्हणाला, मग नऊ हजार टाकू. आणि अंगणात जाऊन नर्सरीला फोन लावला.

तेवढ्या वेळात मी एका जुन्या प्लास्टिकच्या डब्याचं झाकण कापून खाचेसाठी बूच केलं आणि घट्ट बसवलं. मोठाई बघत होती. मग तिने विचारलं की आता कुकू कुठं लावायचं. मी यंत्र मिटून झाकणाचा उजवा कोपरा दाखवला. पुसलं गेलं तर पुन्हा लाव, म्हटलं. तिने तो कोपरा बोटाने चाचपून पाहिला आणि मान डोलावली.

कैलासदादा फोन करून परत आला आणि वाफा कुठे करायचा ते बोलायला लागला. मोठेबाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग लाकडी पेटीतून सतरा नंबरची बाटली काढून एकतीसच्या शेजारी ठेवली.

"याची बी दहा झाडं लावजो," ते म्हणाले. "मरतीन तं मरतीन. एका भरताचं तं होईन."