पट्ट्यात अडकलेलं झाकण

नकटीच्या पायाचं प्लास्टर निघालं आणि त्याच दिवशी दादानं जाहीर केलं, "उद्या संध्याकाळी भंगारवाला येतोय. ती मोटरसायकल जाऊ दे एकदाची."

नाक चांगलं सरळ असूनही घरात तिला सगळे नकटीच म्हणत. घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्ताचे नमुने गोळा करायचं तिचं काम, आणि त्यासाठीच तिनं स्वतःच्या पगारातून ती गाडी घेतलेली. उतारावर ती पडली, तेव्हा गाडी टेम्पोतून आणून मागच्या अंगणात ठेवली होती. तेव्हापासून ती तिथंच चादरीखाली उभी.

"मागचं चाक एकदम जाम झालं," नकटी पहिल्या दिवसापासून सांगत होती.

"तोल गेला म्हण की. त्यात लाज कसली?" दादाचं ठरलेलं उत्तर. सांगून सांगून तिचं तोंड दुखलं.

सकाळी दादा कामावर गेला तशी तिनं चादर ओढून काढली आणि वहिनीला हाक मारली.

"अगं, यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील!"

"घेऊ देत. तू मागून उचल."

गाडी मधल्या स्टँडवर चढली. नकटीनं चाक हातानं फिरवलं. थोडंसं फिरलं आणि खट्कन अडलं. वहिनीनं पदर खोचला.

या गाडीला साखळीऐवजी मागचं चाक फिरवणारा दातेरी पट्टा होता; त्यावरचं काळं झाकण आधी काढायचं होतं. दोन बोल्टांच्या जागी एकच होता, दुसरीकडे नुसतं भोक. तो एक काढला तरी झाकण जागचं हलेना. मग चाकच सोडवायला हवं. एक्सलचा नट असा हट्टी, की पान्ह्याला पाइप लावून नकटी त्यावर धडक्या पायानं अख्खी उभी राहिली. वहिनीनं गाडी गच्च धरली. नट कुरकुरला, मग सुटला. ताणाचे स्क्रू सैल करून दोघींनी चाक पुढे ढकललं, तेव्हा कुठं पट्टा ढिला पडला आणि झाकण हातात आलं. त्याची कड आत वळून पट्टा आणि दातेरी चाकाच्या मध्ये शिरली होती. पट्ट्याचे दात तेवढ्या भागात पार कुरतडलेले.

वहिनी हळूच म्हणाली, "तू खरं सांगत होतीस गं."

"मग काय, गोष्टी रचत होते?"

संध्याकाळी दादा आला, तर चाक अंगणात आडवं, एक्सल फडक्यावर आणि बहीण काळ्या हातांनी चहा पीत बसलेली.

"हे काय चालवलंय? भंगारवाला येईल आता!"

"आला तर परत जाईल. हे बघ." तिनं झाकण त्याच्यासमोर धरलं. "माझा तोल नव्हता गेला."

दादानं ते उलटसुलट करून पाहिलं. कुरतडलेल्या दातांवरून बोट फिरवलं. मग पायरीवर मटकन बसला.

"नसेल गेला. पण रस्त्यावरून तुला मी उचललं होतं, नकटे. मला अजून झोप लागत नाही."

ती म्हणाली, "तुझी भीती मला कळते, दादा. पण तिच्यापायी माझी गाडी जाणार नाही. मला एकदा विचारायचं तरी होतंस."

बाहेर भंगारवाल्यानं हाक दिली. दादा उठायच्या आत नकटी लंगडत दारापर्यंत गेली.

"गाडी विकायची नाही," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "दुरुस्तीला काढलीय."