वेल्मिन्सेकडे जाणारी होडी

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो. सांगीहे बेटावरच्या एका चर्चची. माझ्या दोन्ही बाजूंना तोल सांभाळणाऱ्या बांबूच्या उलांड्या आहेत आणि पोटात ठिगळं आहेत. ठिगळं कशी आली, तेच सांगायचं आहे.

मला याफेत मानोसोने बांधलं. गावातली लहानथोर माणसं त्याला ओम याफेत म्हणत, म्हणजे याफेतकाका. त्याची एकुलती मुलगी वेल्मिन्से दूरच्या काराहे बेटावर राहायला निघाली होती. तिथे ना शाळा होती, ना दवाखाना, ना प्रभूची गोष्ट सांगणारं कोणी. तिला निरोप देताना पाद्रीबुवांनी मंडळीला विचारलं, "ही एकटी जाणार की आपण सगळे जाणार?" सगळ्यांनी हात वर केले. दर महिन्याला दोन घरांनी पाळीपाळीने तिच्याकडे जायचं ठरलं आणि त्यासाठी माझा जन्म झाला.

पहिलं वर्ष फार सुखाचं गेलं. कोणी तिथल्या झोपड्यांची छपरं शाकारली, कोणी बाळंतिणींची सेवा केली. कधी बरोबर काही नेता आलं नाही, तर माणसं तिथल्यांशी गप्पा मारून आणि दोन गाणी म्हणून परत येत. मी किनाऱ्याला लागले की काराहेची मुलं पाण्यात धावत येत. लोक माझं कौतुक करत आणि मला नारळाचं तेल चोळत.

मग लवंगांची काढणी आली. पुढे चर्चचा मनोरा बांधायला निघाला. जाणारी माणसं कमी झाली. मासळीच्या व्यापाऱ्याची बोट काराहेवरून जायची, तिच्यातून वेल्मिन्सेला तांदळाचं पोतं पाठवायचं ठरलं. पोतं वेळेवर जाई, त्यामुळे आपण काही चुकतोय असं कोणालाच वाटलं नाही.

ओम याफेतला एकट्याला शीड आणि सुकाणू दोन्ही सांभाळता येईना. दर रविवारी तो चर्चच्या पायरीवर थांबून विचारायचा, "कोणी येतंय का?"

"मी बसले तर तुझी होडी बुडेल, ओम," जाडजूड पाऊलिना हसून म्हणायची. "मी घरूनच प्रार्थना करते की."

"तुझी प्रार्थना पोहत जाते वाटतं?"

सगळे हसायचे. तोही हसायचा. मग माझ्याजवळ येऊन बसायचा आणि बराच वेळ समुद्राकडे बघत राहायचा.

मी वाळूवर पडून राहिले. उन्हाने माझ्या फळ्या आक्रसल्या आणि सांधे उघडे पडले. पोरं माझ्यात बसून लपाछपी खेळत. कोंबड्या अंडी घालत.

एके दिवशी व्यापारी सांगत आला, "तुमच्या पोरीला ताप आहे. उठवत नाही तिला. लवकर जाऊन तिला घेऊन या." एवढं सांगून त्याची बोट पुढच्या बंदराला निघून गेली.

घंटा वाजली. सगळं गाव धावलं. त्या दिवशी प्रत्येकाला यायचं होतं. पाऊलिना सगळ्यांच्या पुढे होती. त्यांनी मला ओढत पाण्यात नेलं आणि पाणी चहूकडून माझ्यात शिरलं. माणसं डब्यांनी, करवंट्यांनी पाणी उपसत होती, पण मी काठावरच बुडाले. मित्रांनो, तेव्हाची ओम याफेतची नजर मला आजही सोसवत नाही.

शेजारच्या गावाहून दुसरी होडी आणेपर्यंत दिवस मावळला. ते पोहोचले तेव्हा वेल्मिन्से गेली होती.

तिथे काय झालं, ते ओम याफेतने मला ठिगळं लावताना सांगितलं. त्याला दुसऱ्या कोणाला सांगायचं नव्हतं. काराहेच्या बायकांनी तिला न्हाऊ घालून, नवं लुगडं नेसवून ठेवलं होतं. एक म्हातारी त्याच्याजवळ येऊन बसली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"ती म्हणायची, माझ्यामागे माझं सगळं गाव आहे," म्हातारी म्हणाली. "आम्ही वाट बघायचो. मग आम्हाला वाटलं, स्वतःला एकटं वाटू नये म्हणून पोर तसं म्हणत असेल."

एवढं सांगून ओम याफेतने हातातली राळ खाली ठेवली आणि तो माझ्या काठावर डोकं टेकून रडला.

मी पुन्हा तरंगू लागले, त्या सकाळी पाऊलिना गाठोडं घेऊन आली. थट्टा न करता पुढे बसली आणि तिने वल्हं हातात घेतलं.

काराहेची मुलं किनाऱ्यावर उभी होती. दोघं उतरली तरी मुलं माझ्यात वाकून बघत राहिली. शेवटी एका मुलीने विचारलं, "बाकीचे मागून येतायत?"

पाऊलिना गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने मागे वळून रिकाम्या समुद्राकडे पाहिलं.

मित्रांनो, तुमचं माणूस प्रभूच्या कामाला दूर गेलं असेल, तर तांदूळ जरूर पाठवा. पण पोतं काही तापात उशाशी बसत नाही. तुमची होडी ओली ठेवा, आणि ते माणूस जिवंत आहे तोवर तिच्यात बसा.